ओरेगॉनमधील ओढ्यांवरची उन्हाळी नोकरी: इंदूरहून येणाऱ्या विद्यार्थ्यास उत्तर

आपण सप्टेंबरमध्ये इंदूरहून ओरेगॉनला जलसंपत्ती विषयातील एम.एस.साठी येत आहात, आणि पुढच्या उन्हाळ्यात ओढ्यांच्या पुनरुज्जीवनाच्या कामावर नोकरी मिळेल का, तिथे नेमके काय करावे लागते व तिच्या भरवशावर खर्चाचे गणित मांडावे का, असे विचारले आहे. इंदूरच्याच रामबागेत वाढून पुढे याच राज्यात याच कामात स्थिरावलेला म्हणून सांगतो: नोकरी मिळू शकते, परंतु पहिल्या वर्षाचे अंदाजपत्रक तिच्यावर बेतू नये.

अडचण काम करण्याच्या परवानगीची आहे. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर विद्यापीठाबाहेर पगारी काम करण्यासाठी लागणारी सीपीटीची (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून करायच्या प्रत्यक्ष कामाची) परवानगी साधारणतः एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झाल्यावर, आणि काम अभ्यासक्रमाचा भाग असेल तरच मिळते. केंद्रीय वनखात्याच्या हंगामी जागा बहुतांशी अमेरिकी नागरिकांसाठीच असतात. त्यामुळे प्राध्यापकांच्या संशोधन प्रकल्पावरचे काम मला सर्वांत भरवशाचे वाटते, कारण विद्यापीठातील नोकरीला सीपीटी लागत नाही. ती सत्र चालू असताना आठवड्याला २० तास आणि सुट्टीत पूर्णवेळ करता येते. मात्र ओढा आवाराबाहेर असल्यास ते काम या सवलतीत बसते का, हे आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून आधीच लेखी घ्यावे.

आता कामाविषयी. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी कान्ह नदी पाहत मोठे झालेल्या आपल्यासारख्यांना नदी सुधारणे म्हणजे सांडपाणी अडवणे, नाले वळवणे असेच वाटते. इथल्या डोंगरी ओढ्यांचे पाणी बहुधा नितळ असते. हरवलेली असते ती ओढ्याची घडण. विसाव्या शतकात, अगदी १९७०च्या दशकापर्यंत, माशांची वाट अडते या समजुतीने पात्रातले पडलेले वृक्ष सरकारी खर्चाने उपसले गेले. परिणामी प्रवाह वेगवान झाला, गोटे वाहून गेले, डोह बुजले, आणि समुद्रात जाण्यापूर्वी वर्षभर गोड्या पाण्यात राहणाऱ्या कोहो सामन माशाच्या पिल्लांना थंड, संथ आसरा उरला नाही. आज तेच ओंडके, शक्यतो मुळांच्या गड्ड्यासकट, यंत्राने किंवा हेलिकॉप्टरने परत पात्रात ठेवले जातात. (आधीच्या अभियंत्यांना नावे ठेवणे सोपे आहे, त्यांचाही हेतू माशांच्या भल्याचाच होता.)

पाण्यात यंत्र उतरवण्याची मुभा माशांच्या दृष्टीने सुरक्षित ठरवलेल्या मुदतीतच असते आणि ती अनेक ओढ्यांवर जुलै ते सप्टेंबरच्या दरम्यान येते. त्याआधी जाळ्या लावून, विजेच्या सौम्य धक्क्याने मासे गुंगवून, बादल्यांतून दुसरीकडे हलवावे लागतात. विद्यार्थ्याच्या वाट्याला बादल्या, जाळ्या, काटेरी ब्लॅकबेरी उपटणे आणि मुख्यतः मोजमाप येते: पात्राचे आडवे छेद, पाण्याचे तापमान, गढूळपणा, तसेच १९५४ साली नदी-अभ्यासक वोलमन यांनी मांडलेल्या पद्धतीने न पाहता उचललेल्या किमान १०० गोट्यांचा मधला व्यास. हे काम कंटाळवाणे आहे, पण ओंडके ठेवल्यावर ओढा खरोखर बदलला की नाही हे त्याच आकड्यांवरून ठरते. ज्याला निव्वळ निसर्गात हिंडायचे आहे, त्याने या नोकरीच्या वाटेला जाऊ नये.

पगाराची पावती नीट पाहावी. अनिवासी एफ-१ विद्यार्थ्याच्या वेतनातून पहिली पाच कॅलेंडर वर्षे सोशल सिक्युरिटी व मेडिकेअरची (सरकारी निवृत्तिवेतन व आरोग्यविम्याच्या करांची) कपात सहसा होत नाही, आणि भारत-अमेरिका कर-करारामुळे आपल्या विद्यार्थ्यांना प्राप्तिकराच्या विवरणपत्रात प्रमाणित वजावट (करपात्र उत्पन्नातून वजा होणारी ठरावीक रक्कम) घेता येते.

हंगामी जागांची निवड हिवाळ्यातच सुरू होते, म्हणून प्राध्यापकांना जानेवारीतच पत्र पाठवावे. त्यात नद्यांवरील प्रेमाचा परिच्छेद लिहू नये. ऑटो लेव्हल (जमिनीची उंची मोजणारे) व टोटल स्टेशन (अंतर व कोन मोजणारे) ही सर्वेक्षणाची यंत्रे हाताळली आहेत का, क्यूजीआयएस या संगणक प्रणालीवर नकाशा करता येतो का, पोहता येते का आणि वाहन परवाना केव्हापर्यंत मिळेल, एवढे स्पष्ट लिहावे. यांपैकी लेव्हलिंगचा, म्हणजे ऑटो लेव्हलने उंची मोजण्याचा, सराव इंदूर सोडण्यापूर्वी कॉलेजच्या सर्वेक्षण प्रयोगशाळेत करून घेता येईल.