देश नंतर, आधी पोलादाचे तुकडे कुठे आहेत ते विचार

राजापूरच्या एका मुलीने विचारलंय: धातुशास्त्रात एम.टेक. झालंय, अणुभट्टीच्या पोलादावर पीएच.डी. करायची आहे, बेल्जियम आणि फ्रान्स अशा दोन जागा समोर आहेत, तर दादा, कुठला देश घेऊ? शिवाय घरचे जैतापूरच्या आंदोलनातले, त्यांच्याशी काय बोलू? मी मूळचा नाट्याजवळचा, बरीच वर्षं बेल्जियममधल्या मोल गावी याच कामात आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बाय, पगार, भाषा, हवा हे सगळं नंतर बघू. न्यूट्रॉन खाल्लेलं, म्हणजे भट्टीत न्यूट्रॉनांचा मारा झेललेलं पोलाद कोणाच्या ताब्यात आहे, यावर तुझी चार वर्षं कशी जातील ते ठरणार. माऱ्याखालचा अणू सरासरी किती वेळा जागेवरून उठवला गेला, हे आम्ही डीपीएमध्ये मोजतो, ते तुला ठाऊक आहेच. पाण्याच्या भट्टीच्या मुख्य पात्राला आयुष्यभरात एक डीपीएही भरत नाही. फास्ट ब्रीडर म्हणजे वेगवान न्यूट्रॉनांवर चालणाऱ्या भट्टीतल्या इंधननळीला मात्र शंभराच्या आसपास झेलावे लागतात. 1967 मध्ये स्कॉटलंडच्या डाउनरे इथल्या भट्टीतून काढलेलं स्टेनलेस स्टील आतून पोकळ्या पडून फुगलेलं दिसलं, तेव्हापासून आपल्या कल्पाक्कमच्या अणुकेंद्रासकट सगळे त्या फुगण्याच्या मागे आहेत. पण एवढा मारा द्यायला भट्टीत वर्षानुवर्षं जातात. नंतर तुकडे थंड व्हायची वाट बघायची, मग शिशाच्या पिंपातून त्यांची वाहतूक, तिचे परवाने. पीएच.डी.ची मुदत त्याआधीच संपते.

त्यात अशा चाचणी-भट्ट्या जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. नॉर्वेतला हाल्डेनचा प्रकल्प 1958 पासून अनेक देशांनी वर्गणी काढून चालवला. 2018 मध्ये ती भट्टी कायमची बंद झाली आणि तिच्यावर विसंबलेले कितीतरी प्रयोग लटकले. त्या जागी 2021 मध्ये फिडेस नावाची नवी चौकट उभी राहिली, काम वेगवेगळ्या भट्ट्यांत वाटलं गेलं. रशियातल्या दिमित्रोवग्रादची बोर-60 जलद मारा द्यायला उत्तम, पण 2022 नंतर युरोपातल्यांना ती वाट जवळपास बंदच. फ्रान्समध्ये कादाराशला ज्यूल होरोविट्झ भट्टीचं बांधकाम 2007 पासून चालू आहे. आपलं अणुऊर्जा खातंही त्यात भागीदार आहे. पण प्रस्तावात कोणी ‘ज्यूल होरोविट्झमध्ये नमुने ठेवू’ असं लिहिलं असेल, तर त्या आशेवर चार वर्षं लावू नकोस.

म्हणून दोन्ही मार्गदर्शकांना सरळ ईमेल कर. माझे नमुने आधीच विकिरण होऊन आलेत का? ते कोणत्या इमारतीत आहेत? मालकी कोणाची, आणि निकाल छापायचे तर कोणाची सही लागते? शेवटचा प्रश्न भिडेखातर गाळू नकोस. वीज कंपनीच्या पात्रातला तुकडा असेल तर सही मिळेपर्यंत प्रबंध पडून राहू शकतो. ‘आयन मारून करू’, म्हणजे भट्टीऐवजी त्वरकातून विद्युतभारित अणूंचा मारा देऊ, असं उत्तर आलं तरी वाईट नाही. पॅरिसजवळ साक्लेला जानुस नावाच्या त्वरककेंद्रात तीन किरणशलाका एकदम मारता येतात, काम दिवसांत होतं. फक्त नुकसान वरच्या काही मायक्रॉनपुरतं होतं, मोठा नमुना तोडून बघता येत नाही, हे लक्षात ठेवून विषय आख.

देशोदेशीचं सहकार्य म्हणजे नक्की काय, ते इथल्या टेबलावर दिसतं. शार्पी चाचणीची, म्हणजे एका घावात पोलाद किती चिवट ते पाहण्याची पट्टी 55 मिलिमीटर लांब, 10 बाय 10 जाडीची. हातोडा बसला की दोन तुकडे. पूर्वी ते कचऱ्यात जायचे. आता त्याच अर्ध्या तुकड्यातून 4 मिलिमीटर जाडीचे चिमुकले नमुने कापतात आणि त्यांवर भंगचिवटपणा, म्हणजे चीर पडल्यावरही पोलाद किती तग धरतं, ते मोजतात. जाड काचेपलीकडे यांत्रिक हात, अलीकडे तू, आणि पकडीत नखाएवढा चौकोन. पडला तर शोधण्यात दुपार जाते. एवढ्याशा तुकड्याचा आकडा नियामकाने मानावा यासाठी एकच पोलाद वेगवेगळ्या देशांतल्या प्रयोगशाळांना वाटून आकडे ताडून पाहावे लागतात. फ्रॅक्टेसस हा युरोपीय प्रकल्प त्याचसाठी होता, आणि त्यात जपानी प्रयोगशाळाही होत्या. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने तर जेआरक्यू नावाचं एक जपानी पोलाद संदर्भ म्हणून जगभर वाटलं. कोणाचा आकडा वेगळा आला की बैठकीत जी खडाजंगी होते, त्यात जेवढं शिकायला मिळतं तेवढं वर्गात मिळत नाही.

बेल्जियमचं दुसरं आकर्षण म्हणजे डूल-3. 2012 मध्ये त्या भट्टीच्या पात्रात हायड्रोजनमुळे झालेल्या हजारो पापुद्र्यांसारख्या चिरा सापडल्या. तसल्याच पोलादाचे नमुने मोलच्या बीआर-2 भट्टीत ठेवले, तर एक अपेक्षेपेक्षा जास्त ठिसूळ निघाला. मग परदेशी तज्ज्ञांचं मंडळ बसलं, खूप काथ्याकूट झाला आणि 2015 च्या अखेरीला भट्टी पुन्हा चालू झाली. 2022 मध्ये ती ठरल्याप्रमाणे बंद झाली.

घरच्यांशी बोलताना हीच गोष्ट सांग. फ्लामांव्हिलचीही सांग: जैतापूरला ज्या जातीच्या सहा ईपीआर (फ्रेंच बनावटीच्या दाबाच्या पाण्याच्या) भट्ट्या ठरल्या आहेत, त्याच जातीच्या फ्रान्समधल्या भट्टीच्या पात्राच्या झाकणात आणि तळात ठरल्यापेक्षा जास्त कार्बन सापडला, हे 2015 मध्ये जाहीर झालं. जास्त कार्बनने पोलादाचा चिवटपणा घटतो. ते तपासणाऱ्यांनीच उघडकीला आणलं. तुझ्या बाबांचा विरोध मला अडाणी वाटत नाही. जमीन आणि मासे त्यांचे जाणार होते. पोरीने अणूची नोकरी धरली म्हणजे ती कंपनीच्या बाजूला गेली, असा अर्थ मात्र त्यांनी काढू नये. झाकणात कार्बन जास्त आहे हे ओळखायला कोणीतरी लागतंच. वाद झालाच तर जिंकायला जाऊ नकोस, जेवायला बस.

आईला प्रकृतीची काळजी असेल. युरोपात कामगाराला वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट (किरणोत्साराच्या मात्रेचं माप) एवढी मर्यादा आहे, आणि गरोदरपण कळवल्यावर पोटातल्या बाळासाठी उरलेल्या काळात 1 ची. ही मात्रा मोजणाऱ्या छातीवरच्या बिल्ल्याचा आकडा तुला बघायला मिळतो.

आता कागद. 1974 च्या पोखरणनंतर या क्षेत्रात आपल्याला दारं बंद होती. 2008 मध्ये अणुपुरवठादार देशांच्या गटाने दिलेल्या सवलतीनंतर ती उघडली, तरी भारतीय पासपोर्टाची चौकशी होतेच. फ्रान्समधल्या काही प्रयोगशाळा ‘मर्यादित प्रवेश क्षेत्रात’ मोडतात, तिथे मंजुरीलाच दोन महिने धर. उद्या इंग्लंडचा विचार केलास तर तिथे व्हिसाच्या आधी अ‍ॅटास नावाचं प्रमाणपत्र लागेल. बेल्जियमची जागा मारी स्क्लोडोव्स्का-क्यूरी या युरोपीय संघाच्या संशोधन-शिष्यवृत्तीच्या जाळ्यातली असेल, तर आधीच्या तीन वर्षांत त्या देशात बारा महिन्यांपेक्षा जास्त राहिलेली नसावीस. तुला अडचण नाही. परतायचं असेल तर भाभा अणुसंशोधन केंद्राची डॉ. के. एस. कृष्णन असोसिएटशिप (पीएच.डी.नंतरची संशोधनवृत्ती) आतापासून नजरेत ठेव.

मोलला डच बोलतात, फ्रेंच शिकून येशील तर फुकट जाईल. बांगड्याचा चुलतभाऊ मिळतो, तोही बहुधा धुरावलेला. आमसुलं घरून आण.

तू लिहिलंस त्यावरून बेल्जियमच्या जागेचे नमुने आधीच तयार असावेत, फ्रान्सच्या जागेचे अजून व्हायचेत. ईमेलला तसंच उत्तर आलं तर मी बेल्जियम म्हणेन. उत्तर उलट आलं तर बेधडक फ्रान्सला जा. पदवीच्या कागदांवरचं अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारा सरकारी शिक्का, मात्र आत्ताच करून घे. मुंबईची फेरी लागेल, आणि गणपतीच्या आसपास कोकण रेल्वेचं तिकीट तुला काही मिळणार नाही.