मारामारीच्या सीनमध्ये कॅमेरा इतका हलवतात कशाला? आमच्या शॉर्टफिल्ममध्ये तसंच करावं का?

लपवायला हलवतात. ठोसा लागलेला नसतो ते लपवायला, आणि बऱ्याचदा हिरोला फाइट जमत नाही ते लपवायला. खरं तर ठोसा वीतभर लांबून गेला तरी कॅमेरा मार खाणाऱ्याच्या पाठीमागे ठेवून टेली लेन्स (लांबचं जवळ दाखवणारी) लावली की ते अंतर दिसत नाही. सेकंदाला २४ ऐवजी २२ फ्रेम्सवर, म्हणजे चित्रांवर, शूट केलं की हात चपळ वाटतात. मग गदागदा हलवायचं कशाला?

मी अकरा वर्षं सिनेमात फायटर होतो. एका सिनेमात हिरोच्या जागी दुसऱ्या मजल्याचा लाकडी कठडा तोडून उडी मारली. खाली पुठ्ठ्याचे खोके, वर गाद्या. खोके हातगाडीआड जातील असा अँगल कॅमेरामननं लावला होता. लाँग शॉट, एकच टेक. फळी लागून कोपराला चार टाके पडले, पण उडी अशी बसली की फाइट मास्टरांनी जवळ घेतलं.

आईला थिएटरात नेलं. पडद्यावर पाय, कठडा, हिरोचा चेहरा, आभाळ, धूळ, पुन्हा चेहरा. आईनं विचारलं, "तुझी उडी कधी येणार?" ती येऊन गेली होती.

एडिटरला विचारलं तर म्हणाला, कट नसले की पब्लिक झोपतं. तेव्हा गप्प बसलो. २०१५ चा 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड' बघा. कट भराभर येतात, पण पाहायची गोष्ट दर शॉटला फ्रेमच्या मधोमध असते, नजर शोधत फिरत नाही. मार्गारेट सिक्सेलना त्या एडिटिंगचं ऑस्कर मिळालं. 'शोले'तली पनवेल-उरण मार्गावर शूट झालेली रेल्वेची मारामारीही बघा. घोडे कुठे, डबे कुठे, कोण कुणाच्या मागे, सगळं कळतं. कुणी झोपलं नाही.

हँडहेल्ड, म्हणजे हातात धरलेला हलता कॅमेरा, सरसकट वाईट नाही. 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन'च्या सुरुवातीच्या युद्धात सैनिकाला काही उमगत नाही हेच दाखवायचं होतं, तिथे तो हवाच. तुमच्या गोष्टीला तसा गोंधळ हवाय का ते तुम्ही ठरवा.

पण कुणी उंचावरून पडणार असेल, तर पाय सुटल्यापासून पाठ टेकेपर्यंत कात्री लावू नका. हिरोचा चेहरा नंतर घ्या.