वाचकांचे प्रश्न : डायनॅमो उतरवून अल्टरनेटर बसवताना

या वेळी आलेल्या पत्रांमध्ये चार्जिंगच्याच तक्रारी सर्वांत जास्त होत्या. डायनॅमो (बॅटरी चार्ज करणारं जुनं जनित्र) काढून रेग्युलेटर (व्होल्टेज ताब्यात ठेवणारा भाग) पोटातच असलेला अल्टरनेटर (नव्या पद्धतीचं जनित्र) लावायचा आणि मग काहीतरी अडायचं, हे बहुतेक पत्रांत दिसतं. त्यांपैकी पाच प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : जुन्या अँबॅसेडरला डायनॅमो आणि भिंतीवरचा कटआउट (डायनॅमोचा रेग्युलेटर बॉक्स) आहे. रात्री दिवे आणि वायपर लावून शहरात फिरलं की बॅटरी उतरते. भंगार बाजारातून ४५ अँपिअरचा अल्टरनेटर आणला आहे. कटआउटच्या वायरींचं काय करायचं? — वाचक, कराड

उत्तर : आधी हिशेब बघा. ५५ वॅटचे दोन हेडलाइट म्हणजे सुमारे ९ अँपिअर. पार्किंग, टेल आणि डॅशबोर्डचे दिवे दोन-अडीच, इग्निशन तीन-चार, वायपर तीन. बेरीज अठराच्या आसपास जाते. तुमचा लुकास पद्धतीचा डायनॅमो भर वेगात २२ अँपिअरच्या आसपास देतो आणि सिग्नलवर उभे असताना जवळपास काहीच देत नाही. म्हणजे बॅटरी उतरते त्यात डायनॅमोचा दोष नाही.

कामाला लागण्यापूर्वी बॅटरीची कोणती बाजू बॉडीला आहे ते पाहा. मायनस असेल तर ठीक. काही जुन्या गाड्यांत प्लस बॉडीला असतो. तिथे अल्टरनेटर जोडला तर त्याचे डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) पहिल्या स्पर्शातच जळतात. अशी गाडी आधी मायनस अर्थ (म्हणजे मायनस बॉडीला जोडलेली) करावी लागते : बॅटरी उलटवायची, इग्निशन कॉइलच्या (स्पार्कसाठीच्या) दोन वायरी आणि अँपिअर मीटरच्या दोन वायरी अदलाबदल करायच्या, रेडिओ काढून ठेवायचा. स्टार्टर उलटा फिरत नाही, कारण त्याची फिल्ड (चुंबकत्व देणारी वेटोळी) आणि आर्मेचर (फिरणारा भाग) दोन्ही एकदम उलटतात. चुंबकाची मोटार असलेला पंखा मात्र उलटा फिरेल.

आता कटआउट. त्यावर ए, ए-वन, एफ, डी आणि ई अशी पाच टोकं असतात. बॅटरीची मायनस केबल काढूनच हात घाला. ‘ए’वर बॅटरीकडून (अँपिअर मीटर असेल तर त्याच्यातून) येणारी वायर असते आणि ‘ए-वन’वरून चावी व दिव्यांकडे पुरवठा जातो. या दोन्ही सोडवून एका बोल्टवर घट्ट एकत्र करा, नाहीतर गाडीत चावीही चालणार नाही. ‘डी’वर दोन वायरी मिळतील : डायनॅमोकडून येणारी जाड आणि चार्जिंगच्या दिव्याकडून येणारी बारीक. ‘एफ’वर डायनॅमोच्या फिल्डची बारीक वायर असते. दिव्याची बारीक वायर ‘एफ’च्या वायरला जोडली की तीच वायर खाली अल्टरनेटरच्या ‘एल’ (चार्जिंगच्या दिव्याच्या) टोकापर्यंत जाते, नवीन ओढावी लागत नाही. डायनॅमोची जाड वायर दोन्ही टोकांना टेप लावून सोडून द्या. ‘ई’ आधीपासूनच अर्थ आहे. बॉक्सच्या आतल्या कॉइल वापरातून पूर्ण गेल्या पाहिजेत. बॉक्स फक्त शोभेला ठेवायचा असेल तर आतून रिकामा करून सांधे त्यात लपवा.

वायरींचा रंग मात्र पुरावा मानू नका. मूळ रचनेत डायनॅमोची जाड वायर तपकिरी-पिवळी आणि फिल्डची तपकिरी-हिरवी, पण इतक्या वर्षांत किती वायरमन त्यातून हात घालून गेले असतील देव जाणे. प्रत्येक वायर मल्टिमीटरने दोन टोकं जुळवून खात्री करा. फियाट पद्धतीच्या रेग्युलेटरवर अक्षरांऐवजी आकडे असतात : ३० बॅटरीचा, ५१ डायनॅमोचा, ६७ फिल्डचा, ६१ दिव्याचा.

अल्टरनेटरच्या जाड ‘बी-प्लस’ (चार्जिंग बाहेर देणाऱ्या) टोकापासून स्टार्टर सोलेनॉइडच्या (स्टार्टरला करंट जोडणाऱ्या स्विचच्या) बॅटरीकडच्या स्टडपर्यंत १० चौरस मिमीची नवीन तांब्याची केबल टाका. जुनी वायर चालेल असं वाटतं, पण २.५ चौरस मिमीच्या दोन मीटर वायरीत ४५ अँपिअरला सहा दशांश व्होल्टहून जास्त घट होते. १० चौरसमध्ये तीच १६ शतांशांवर येते. सोलेनॉइडच्या बाजूला ६० अँपिअरचा स्ट्रिप फ्यूज टाका. तिकडे बॅटरीची अख्खी ताकद उभी आहे, केबल घासून बॉडीला लागली तर फ्यूज नसेल तिथे आग लागते. नेमका ४५चा फ्यूज नको. पूर्ण भाराने तो तापून जातो आणि धावत्या गाडीत अल्टरनेटर अचानक बॅटरीपासून सुटला की व्होल्टेज उसळून रेग्युलेटरच मरतो.

ब्रॅकेटचा रंग खरवडून धातूला धातू लागू द्या आणि अल्टरनेटरच्या बॉडीपासून इंजिनला ६ चौरस मिमीची अर्थची वायर वेगळी टाका. पुली सरळ रेषेत आहे का ते लांब पट्टी लावून पाहा. रिब्ड (बारीक खाचांच्या) पट्ट्याची पुली आली असेल तर जुन्या व्ही-पट्ट्याशी तिचं जमणार नाही, बदलूनच घ्या. अंगठ्याने दाबल्यावर पट्टा लांब मोकळ्या भागात १० ते १२ मिमी दबावा.

सुरू केल्यावर मोजणी अशी. चावी चालू, इंजिन बंद : चार्जिंगचा दिवा पेटलेला, ‘एल’वर साधारण एक ते तीन व्होल्ट. इंजिन सुरू, थोडा वेग दिला : दिवा विझला आणि बॅटरीवर १३.८ ते १४.४. मग हेडलाइट लावून दोन ठिकाणी मीटर धरा : बी-प्लस ते बॅटरी प्लस फरक ०.३ व्होल्टच्या आत आणि अल्टरनेटरची बॉडी ते बॅटरी मायनस ०.२च्या आत. यापैकी एक जरी जास्त निघाला तरी अल्टरनेटरला दोष देऊ नका, तो सांधा शोधा.

प्रश्न : पेट्रोल जीपला अल्टरनेटर बसवला. चार्जिंग उत्तम, पण चावी बंद केल्यावर इंजिन बंदच होत नाही. गिअरमध्ये घालून क्लच सोडून बंद करावं लागतं. — वाचक, बार्शी

उत्तर : जीपला चार्जिंगचा दिवा नव्हता, म्हणून तुमच्या मेकॅनिकने ‘एल’ची वायर थेट चावीच्या आउटपुटला, म्हणजे कॉइल जिथे जोडलेली आहे त्याच ठिकाणी नेली असावी. अनेक अल्टरनेटरांच्या पोटात तीन छोटे डायोड असतात आणि सुरू झाल्यावर ते रोटरच्या (आतल्या फिरत्या भागाच्या) फिल्डला आतूनच पुरवठा करतात. त्याच पुरवठ्याचं बाहेरचं टोक म्हणजे ‘एल’. चावी बंद झाली तरी तिथून करंट उलटा येऊन कॉइलला पोचतो आणि स्पार्क चालूच राहतो. चावी बंद करून इंजिन चालू असतानाच ‘एल’चा प्लग ओढा. इंजिन तत्काळ मेलं की रोग सापडला. घाई करा, कारण ते छोटे डायोड कॉइलचा तीन-चार अँपिअरचा भार पेलण्यासाठी केलेले नसतात.

उपाय स्वस्त आहे. चावी आणि ‘एल’ यांच्यामध्ये १२ व्होल्ट, २.२ वॅटचा बल्ब मालिकेत टाका. उलटा करंट त्याच्यातून पाव अँपिअरही जात नाही, त्यावर पॉइंटवाली (जुन्या यांत्रिक इग्निशनची) कॉइल चालत नाही. इलेक्ट्रॉनिक इग्निशन असेल तर बल्बच्या पुढे ३ अँपिअरचा डायोडही घाला, पांढऱ्या पट्टीची बाजू अल्टरनेटरकडे.

डेन्सो पद्धतीच्या अल्टरनेटरला ‘आयजी’ (चावीचं), ‘एस’ (बॅटरीचं व्होल्टेज ओळखणारं) आणि ‘एल’ अशी तीन टोकं असतात. तिथे ‘आयजी’ चावीला थेट जातं, पण ‘एल’ कधीही नाही. आतला ट्रान्झिस्टर ‘एल’ला अर्थ करून दिवा पेटवतो. मध्ये दिवा नसेल तर बॅटरी थेट त्या ट्रान्झिस्टरवर आदळते आणि रेग्युलेटर जळतो.

प्रश्न : डॅशबोर्डचे सगळे बल्ब एलईडी केले. तेव्हापासून सकाळी रेस दिल्याशिवाय चार्जिंग सुरू होत नाही. संबंध आहे का? — वाचक, मडगाव

उत्तर : आहे, पुरेपूर. चार्जिंगचा दिवा नुसती सूचना देत नाही, रोटरला पहिली चुंबकीय शक्ती त्याच्यातूनच मिळते. जुना बल्ब ०.१८ अँपिअर पाठवतो, एलईडी त्याच्या दहाव्या भागाइतकंही पाठवत नाही. मग रोटरच्या लोखंडात उरलेल्या किंचित चुंबकत्वावर भिस्त राहते आणि त्यासाठी वेग लागतो. एकतर तेवढा एक बल्ब जुनाच परत घाला (आमचा सल्ला हाच), नाहीतर एलईडीच्या दोन टोकांना समांतर ६८ ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर जोडा. चावी चालू ठेवून गाडी उभी राहिली तर तो चांगला तापतो, म्हणून प्लास्टिकला टेकू देऊ नका.

प्रश्न : अल्टरनेटर लावल्यापासून अँपिअर मीटरचा काटा कायम मायनसकडेच. बॅटरी मात्र भरलेली असते. — वाचक, परभणी

उत्तर : काही बिघडलेलं नाही. तुमचा मीटर बॅटरी आणि कटआउटच्या मध्ये होता. आता चार्जिंग बी-प्लसमधून थेट सोलेनॉइडला जातं, मीटरमधून फक्त दिवे आणि चावीचा भार वाहतो, आणि तो काट्याला डिस्चार्जच वाटतो. चार्जिंगही मीटरमधूनच न्यावं असं कोणी सुचवेल. ते ऐकू नका : ३०-०-३०चा मीटर ४५ अँपिअरसाठी नाही, आणि तो डॅशबोर्डमागे तापतो. त्याच भोकात ८ ते १६ व्होल्टचा व्होल्टमीटर बसवा, चावीनंतरच्या पुरवठ्यावर.

प्रश्न : हायवेवर बॅटरीवर १५.२ व्होल्ट येतात, पाणी उकळून बाहेर पडतं. रेग्युलेटर नवाच आहे. — वाचक, जुन्नर

उत्तर : ‘एस’ची वायर कुठे जोडली आहे ते बघा. तिच्यावरूनच रेग्युलेटर बॅटरीचं व्होल्टेज ओळखतो. ती दिव्यांच्या स्विचमागे किंवा गंजलेल्या चावीनंतर जोडली असेल तर तिथे एक व्होल्ट कमी पोचतो आणि रेग्युलेटर तेवढाच जास्त ओततो. दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजा : बॅटरीवर १५.२ आणि ‘एस’च्या पिनवर १४.२ आले की झालं. ‘एस’ थेट बॅटरीच्या प्लसला न्या, मध्ये ५ अँपिअरचा फ्यूज. दोन्हीकडे १५.२ असेल तर मात्र नवीन रेग्युलेटरच खराब आहे, परत करा. आणि तोवर डिस्टिल्ड वॉटर भरूनच गाडी काढा, प्लेटा उघड्या पडल्या तर बॅटरी परत उभी राहत नाही.