रॅली राहू दे, आधी मीटर वाच

बाळ,

तुझं पत्र मिळालं. कॉलेजच्या हरित समितीत राहू की राजीनामा देऊ, एवढंच विचारायला चार पानं खर्ची घातलीस! नाशिकच्या तपोवनातली झाडं वाचवायला घसा बसेपर्यंत ओरडून आलीस, आणि कॉलेजात मात्र 5 जूनला, पर्यावरण दिनी, बॅनर, रोपं, सेल्फी पॉइंट. चीड येणारच. तरी राहा. पण रॅलीचं काम दुसऱ्याला दे आणि तू मीटर वाच.

कुठून सुरुवात करायची ते सांगतो. शनिवारी संध्याकाळी कॉलेज रिकामं झालं की पाण्याच्या मीटरचं झाकण उघड. काचेवर चिखल असेल, ओल्या फडक्याने पूस आणि आकडा लिहून घे. रविवारी सकाळी पुन्हा बघ. रात्रभर कोणी नळ उघडला नाही, टाकीही भरली नाही, तरी आकडा सरकलाय? मग पाणी कुठेतरी गळतंय. मिनिटाला लिटरभर गळालं तरी दिवसाला 1440 लिटर होतात. टाकीनंतरची गळती या मीटरवर लगेच दिसत नाही. त्यासाठी फ्लशच्या टाकीत थोडा खायचा रंग टाक. फ्लश न करता पंधरा मिनिटांत तो भांड्यात उतरला, की व्हॉल्व्ह गेलाच समज. गंगापूर धरणातून आलेलं पाणी आपण मोटर लावून गच्चीवर चढवतो, म्हणजे पाण्याबरोबर वीजही नाल्यात जाते.

विजेचंही तसंच. सुट्टीच्या दिवशी किती युनिट पडली ते बघ. एसी 24 वर ठेवा अशी पाटी कोणीही लावेल. रिकाम्या सेमिनार हॉलमध्ये तो चालूच राहिला, हे मीटर वाचणाऱ्यालाच कळतं.

मला कॉलेजात ‘मीटरमामा’ म्हणायचे. म्हणोत बापडे. गच्चीवर सौर पॅनल बसवायचं घाटत होतं, तेव्हा मी रविवारच्या युनिटांचा कागद बैठकीत ठेवला. आधी उधळपट्टी थांबवा, पॅनल कमी लागतील, एवढंच म्हणणं होतं. विषय चहा-बिस्किटांवर गेला आणि मी हेकट ठरलो. असेन हेकट! आजही तेच म्हणेन. खंत आहे ती तो कागद एकाच टेबलावर गेल्याची. तू प्लंबर, वॉचमन, रेक्टर, सगळ्यांना प्रत दे. वॉचमनला तर आधी. रात्री कुठला दिवा जळतो ते प्राचार्यांपेक्षा त्याला जास्त ठाऊक असतं.

रोपांबद्दल लिहिलंस म्हणून सांगतो. 5 जूनला नाशकात पावसाचा भरवसा नसतो. चांगला पाऊस झाल्यावर करंज, बहावा लावा, आणि पुढच्या मे महिन्यात जगलेली मोजा. लावलेल्यांचा आकडा मला सांगू नकोस. गच्चीच्या पावसाचं म्हणशील तर एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पडला की एक लिटर होतो. हजार चौरस मीटर गच्ची आणि वर्षाला 600 मिलिमीटर पाऊस धरला तर सहा लाख लिटर. थोडं वाया जाईल, ते वजा कर. पण टेप घेऊन गच्ची मोजल्याशिवाय रेनवॉटर हार्वेस्टिंगवर भाषण ठोकू नकोस, माझं डोकं फिरतं.

‘आकड्यांनी माणसं हलत नाहीत’ असं लिहिलंयस. अगं, घोषणांनी तरी कुठे हलली? निदान आकडा दाखवला की समोरच्याला उत्तर द्यावं लागतं.

या शनिवारी मीटरचा फोटो काढ, रविवारी सकाळी दुसरा. दोन्ही मला पाठव. रॅलीचे नकोत.

तुझा,
मीटरमामा