मते जुळत नसली तरी चित्रपट एकत्रच पाहावा

नवराबायकोची मते प्रत्येक चित्रपटाबाबत विरुद्धच निघत असतील, तर दोघांनी एकत्र बसून तो पाहण्यात अर्थ काय, असे तुम्ही विचारले आहे. आमच्या लग्नाला ३२ वर्षे झाली आणि चित्रपटांबाबत आमचे एकमत क्वचितच होते. तरीही एकत्रच पाहा, असे मी आग्रहाने सांगेन, आणि त्याचे कारण गेल्या महिन्यात आम्ही घरी पाहिलेल्या तीन मराठी चित्रपटांवरून सांगते.

पहिला चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४). गटारात मृत्यू पावलेल्या सफाई कामगाराने नारायण कांबळे या वृद्ध लोकशाहिराचे गाणे ऐकून आत्महत्या केली, असा आरोप ठेवून त्या शाहिरावर खटला चालतो. माझे यजमान जिल्हा न्यायालयात लिपिक होते. साक्षीदार बोलतो ते जसेच्या तसे न उतरता न्यायाधीश आपल्या शब्दांत ते टंकलेखकाला सांगतात, हे दृश्य आले तेव्हा ते सरसावून बसले. इतके खरे न्यायालय आपण पडद्यावर पाहिले नव्हते, असे ते म्हणाले. मात्र न्यायालयाबाहेरची दृश्ये त्यांना लांबलेली वाटली. मला नेमकी तीच मोलाची वाटली. गीतांजली कुलकर्णी यांनी साकारलेली सरकारी वकील लोकलने प्रवास करते, मुलाला घेऊन घरी येते, स्वयंपाकाला लागते. एका म्हाताऱ्याला जामीन मिळू नये म्हणून दिवसभर युक्तिवाद करणारी ही बाई संध्याकाळी माझ्यासारखीच ओट्याशी उभी आहे, हे पाहिल्यावर तिच्याकडे निव्वळ रागाने पाहणे मला जमेना. यजमान म्हणाले, “अशा माणसांबरोबर मी वर्षानुवर्षे डबा खाल्ला आहे, ती घरी कशी असतात हे मला वेगळे कळायला नको.” मतभेदाचे मूळ तेव्हा उलगडले. जे मला चित्रपटाने दाखवले, ते त्यांना आधीपासून ठाऊक होते.

याच दिग्दर्शकाच्या ‘द डिसायपल’च्या वेळी उलट घडले. या चित्रपटाला २०२० साली व्हेनिस महोत्सवात उत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार मिळाला होता. शास्त्रीय गायक होऊ पाहणाऱ्या शरदची भूमिका आदित्य मोडक यांनी केली आहे, आणि ते स्वतः गायक असल्यामुळे सुराची धडपड कुठेही खोटी वाटत नाही. यजमानांना गाण्याचे प्रसंग संथ वाटले. मी मात्र लग्नाआधी नऊ वर्षे गाणे शिकले होते. स्पर्धेच्या निकालात आपले नाव येत नाही, तेव्हा शरदच्या चेहऱ्यावर जे दिसते ते मी स्वतः भोगलेले आहे. मी चित्रपट थोडा वेळ थांबवायला सांगितले. तू गाणे का सोडलेस, असे त्या रात्री यजमानांनी मला प्रथमच विचारले आणि आम्ही बराच वेळ बोलत बसलो. चित्रपट मी एकटीने पाहिला असता, तर हा प्रश्न बहुधा कधीच आला नसता.

रात्री रिकाम्या रस्त्यावरून दुचाकी चालवताना शरद आपल्या गुरूंच्या गुरू असलेल्या ज्या माईंच्या व्याख्यानांची ध्वनिमुद्रणे ऐकतो, त्या पडद्यावर कधीच दिसत नाहीत. त्यांचा आवाज चित्रपट दिग्दर्शिका सुमित्रा भावे यांचा आहे. भावेबाई एप्रिल २०२१ मध्ये गेल्या आणि त्याच महिन्यात हा चित्रपट नेटफ्लिक्सवर आला. त्या आवाजाच्या ओढीने आम्ही नंतर भावेबाई आणि सुनील सुकथनकर यांनी मिळून दिग्दर्शित केलेला ‘अस्तु’ पाहिला. स्मृती हरवत चाललेले संस्कृत पंडित हत्तीच्या मागोमाग निघून जातात आणि माहुताची बायको चन्नम्मा त्यांना लेकरासारखे सांभाळते. मोहन आगाशे आणि अमृता सुभाष यांच्या अभिनयाबद्दल आमचे पूर्ण एकमत झाले, आणि बोलणे पाच मिनिटांत संपले.

म्हणून चित्रपट संपल्यावर एकमेकांना “आवडला का?” असे विचारू नका, कोणते दृश्य मनात राहिले, ते विचारा. सुरुवात ‘कोर्ट’पासून करा. शेवटाकडे न्यायालयाच्या दालनातले दिवे मालवले जातात आणि पडदा अंधारतो, तेव्हा चित्रपट संपला असे समजून उठू नका. त्या अंधारातच शेवट व्हायला हवा होता, असे यजमानांचे मत आजही कायम आहे. नंतरच्या प्रसंगाशिवाय न्यायाधीश आपल्याला कळलेच नसते, असे माझे म्हणणे आहे. तुम्हा दोघांना काय वाटते, ते जरूर कळवा.