आई-बाबा पहिल्यांदाच युरोपला चाललेत. पासपोर्ट आणि पैसे सांभाळायला त्यांना काय सांगू?

तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुम्ही लिहिलंय, "आई गर्दीत गोंधळते, म्हणून दोघांचे पासपोर्ट, युरो आणि फॉरेक्स कार्ड बाबांच्याच साइड बॅगेत ठेवायचं ठरलंय." हे करू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. बाकीचं पुढे सांगतेच, पण आधी हे.

गेली ११ वर्षं मी टूर मॅनेजर म्हणून मराठी ग्रुप घेऊन युरोपला जाते. मंडळी बहुतेक साठीच्या आसपासची, पहिल्यांदाच परदेशी निघालेली. जवळजवळ प्रत्येक जोडप्यात हीच वाटणी दिसते: कागदपत्रं आणि पैसे काकांकडे, चकल्या-लाडूंची पिशवी काकूंकडे. घरी हे चालून जातं. तिकडे याची केवढी किंमत मोजावी लागते ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

रोममध्ये एका दुपारी मोकळा वेळ होता. ट्रेव्हीचं कारंजं बघायला एका काका-काकूंसह सहा जणांना घेऊन मी तेर्मिनी स्टेशनवर मेट्रोची ए लाइन धरली. उतरायचं बार्बेरिनीला, म्हणजे तिथून दुसरंच स्टेशन, काही मिनिटांचा प्रवास. दारं मिटता मिटता तीन मुली आत घुसल्या. चांगल्या नीटनेटक्या कपड्यांतल्या. एकीने मोठा कागदी नकाशा उघडून काकांच्या छातीसमोर धरला आणि काहीतरी विचारलं. काका मदतीला तत्पर, चष्मा वर करून वाकून बघायला लागले. तेवढ्यात त्यांची बॅग पोटावरून कमरेमागे सरकली. मधलं रिपुब्लिका स्टेशन आलं, मुली उतरल्या. बार्बेरिनीला पोचल्यावर काकूंचं लक्ष गेलं, चेन उघडी होती. आतली कापडी पिशवी गायब. तिच्यात दोघांचे पासपोर्ट, ६०० युरो आणि एकुलतं एक कार्ड.

आम्ही उलट तेर्मिनीला आलो. तिथे रेल्वे पोलिसांची कचेरी आहे. काकांबरोबर मी आत तक्रार लिहून देत होते, काकू बाहेर बाकावर. दीडेक तासाने मी बाहेर आले तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "तहान लागलीय गं, समोर दुकान आहे, पण माझ्याकडे एक पैसाही नाही." फोन काकांच्या खिशात. हॉटेलचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. त्या बाकावर त्या मघापासून नुसत्या बसून होत्या, उठून कुठे जायची सोयच नव्हती. तेव्हापासून निघायच्या आधीच्या बैठकीत मी पहिला विषय हाच काढते.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण असं काही झालं तर काय होतं ते घरी माहीत असायला हवं. वार होता शुक्रवार. शनिवार-रविवार दूतावास बंद. ग्रुप सकाळी फ्लॉरेन्सला निघाला, हे दोघं रोममध्येच राहिले. सोमवारी पोलिसांच्या तक्रारीची प्रत घेऊन भारतीय दूतावासात गेले आणि त्यांना इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळालं. हे सर्टिफिकेट भारतात परत येण्यापुरतंच असतं. शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा, चिकटवलेला होता तो चोरीला गेलेल्या पासपोर्टवर, त्यामुळे स्वित्झर्लंड वगैरे पुढची सहल संपली. नवीन तिकिटं काढून दोघं मुंबईला परतले. काकूंचा पासपोर्ट त्यांच्या स्वतःच्या अंगावर असता तर धावपळ निम्मी झाली असती, आणि निदान एकाच्या हातात पैसे आणि कार्ड राहिलं असतं.

म्हणून आईंचा पासपोर्ट आईंकडे, बाबांचा बाबांकडे. पैशांचे दोन भाग. कार्डंही दोन, वेगवेगळ्या खात्यांची, एकेकाकडे एकेक. काही बँका फॉरेक्स कार्डाच्या (आधीच परकीय चलन भरून न्यायच्या कार्डाच्या) किटमध्ये दुसरं राखीव कार्ड देतात, ते मोठ्या बॅगेत ठेवा. आणि आई गोंधळतात म्हणता, तर त्यांच्याकडे जास्त द्या, कमी नाही. ज्याच्यापाशी काहीच नसतं तो माणूस जास्त घाबरतो.

ठेवायचं कुठे? गळ्यात अडकवायचे ते पाउच मला पटत नाहीत. शर्टाच्या कॉलरमधून दोरी दिसते आणि माणसं दर दहा मिनिटांनी चाचपून बघतात, म्हणजे माल कुठे आहे ते आपणच दाखवतो. पँटीच्या आतून कमरेला बांधायचा चपटा पट्टा बाबांसाठी उत्तम. बायकांसाठी मात्र आपल्या आज्यांचा चोरखिसा मला सगळ्यांत भरवशाचा वाटतो. ग्रुपमधल्या एका काकूंनी मांजरपाटाचा खिसा सलवारीच्या आतून, कमरेच्या जरा खाली उजव्या बाजूला शिवला होता. वरच्या तोंडाला तुळशीबागेतून आणलेली छोटी चेन. पासपोर्ट सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांब आणि नऊ सेंटिमीटर रुंद असतो, तेव्हा आतून १४ बाय १० चा खिसा पुरतो. घामाने पासपोर्टाची पानं लिबलिबीत होतात, म्हणून त्यांनी आधी तो दुधाच्या पिशवीएवढ्या जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळला होता. बारा दिवसांत त्यांनी तो विमानतळ आणि हॉटेलचं काउंटर सोडून कुठेही बाहेर काढला नाही. दिवसाचा खर्च, ४०-५० युरो, वेगळ्या छोट्या बटव्यात. सगळ्यांसमोर उघडायचा तो फक्त बटवा. तो गेला तरी फार नुकसान नाही.

आता जे मी सगळ्यांत जास्त वेळा पाहिलं ते. पासपोर्ट चोराने नेण्यापेक्षा आपल्याच हातून राहून जातात. सुरक्षा तपासणीच्या ट्रेमध्ये, टॅक्स रिफंडच्या खिडकीवर, विमानाच्या सीटपुढच्या खिशात, आणि हॉटेलच्या तिजोरीत. आमची बस एकदा हॉटेलपासून ८० किलोमीटरवरून परत फिरली आहे, एका काकांचा पासपोर्ट तिजोरीत राहिला म्हणून. तिजोरी वापरायचीच असेल तर दुसऱ्या दिवशी घालायच्या बुटांपैकी एक बूट आत ठेवायला सांगा. एका बुटाने कोणी निघत नाही. एरवी सवय अशी लावा की काउंटरवर पासपोर्ट परत हातात आला की तिथेच उभं राहून तो जागेवर ठेवायचा, चेन लावायची, मग बॅग उचलायची. मागच्या रांगेला थांबू दे.

उलटही होतं, बरं का. सापडत नाही म्हणून लोक घाईने तक्रार करतात आणि संध्याकाळी पासपोर्ट स्वेटरच्या घडीत सापडतो. एकदा हरवल्याची नोंद होऊन तो रद्द झाला की सापडूनही उपयोग नाही, त्यावर प्रवास करता येत नाही. आधी बॅगा पलंगावर उलट्या करून शोधायचं, मगच पोलिसांकडे जायचं.

झेरॉक्स तर सगळेच काढतात, पण त्या पासपोर्टाच्याच पाकिटात ठेवतात. मग दोन्ही एकदम जातात. पहिलं आणि शेवटचं पान, व्हिसाचं पान, विम्याची पॉलिसी, परतीचं तिकीट यांचा एक संच आईंच्या मोठ्या बॅगेत, एक बाबांच्या. चार-चार पासपोर्ट फोटोही त्यातच. सगळ्याचे स्पष्ट फोटो तुमच्या स्वतःच्या फोनमध्ये हवेत. रोममधल्या त्या दोघांच्या बाबतीत पुण्यातल्या मुलाने अर्ध्या तासात व्हॉट्सॲपवर सगळं पाठवलं, म्हणून दूतावासातलं काम पटकन झालं. शिवाय एका साध्या कागदावर हॉटेलचं नाव-पत्ता, टूर मॅनेजरचा नंबर, तुमचा नंबर आणि बँकेचा +९१ ने सुरू होणारा नंबर लिहून दोघांच्या खिशात द्या. कार्डामागे छापलेला १८०० चा नंबर बऱ्याचदा परदेशातून लागतच नाही, आणि हे नेमकं कार्ड गेल्यावर कळतं.

पैशांचं म्हणाल तर रोख कमी न्यायची. नियमाने युरोपसाठी एका प्रवासाला ३,००० डॉलर इतक्या किमतीच्या नोटा नेता येतात, पण नेता येतात म्हणून नेऊ नका. टूरमध्ये राहणं-खाणं धरलेलं असतं. माणशी ३००-४०० युरो रोख रग्गड झाले, बाकी कार्डावर.

कार्डांचं इथेच, घरी बसून करा. १ ऑक्टोबर २०२० नंतर दिलेली डेबिट-क्रेडिट कार्डं सुरुवातीला फक्त देशातच चालतात, परदेशातला वापर आपण सुरू करावा लागतो. बँकेच्या ॲपमध्ये तो सुरू करा आणि रोजची मर्यादा खाली आणा. नुसतं टेकवून पैसे देण्याची सोय बंदच ठेवा. युरोपात साधारण ५० युरोपर्यंत टेकवलं की पिन विचारत नाहीत, म्हणजे चोराला पिन माहीत असण्याची गरजच नाही. आपल्याकडे ओटीपीची सवय झालीय, तिकडच्या वेबसाइटवर ओटीपीशिवायही पैसे कापले जाऊ शकतात, म्हणून ऑनलाइन वापरही बंद. बँकेत नोंदवलेला नंबर रोमिंगवर चालू हवा, नाहीतर पैसे गेल्याचा मेसेजच येणार नाही. आणि असा मेसेज आला तर त्याच दिवशी बँकेला कळवा. २०१७ च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार चूक आपली किंवा बँकेची नसेल आणि कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं तर नुकसान ग्राहकावर पडत नाही.

कार्डाच्या मशीनवर "रुपयांत पैसे द्यायचे का?" असं विचारलं तर नेहमी युरोच निवडायचे. रुपये ओळखीचे वाटतात म्हणून आपली माणसं तेच दाबतात आणि दर वाईट मिळतो.

फसवणुकीचे प्रकार बाबांना आधीच सांगून ठेवा. पॅरिसला माँमार्त्रच्या पायऱ्यांशी काही जण मनगटाला दोरा बांधायला येतात. आपल्या काकू राखीसारखा हात पुढे करतात, दोरा घट्ट बांधला जातो आणि मग पैसे मागतात. तोवर दुसऱ्याचा हात पर्सपाशी. सह्यांचा कागद पुढे करणाऱ्या मुलींचंही तेच. कपड्यावर काहीतरी सांडलं म्हणून पुसायला धावून येणाऱ्याचंही. आणि साध्या कपड्यातला कुणी "पोलीस" पाकीट दाखवा म्हणाला तर ते द्यायचं नाही, "पोलीस स्टेशनला चला" म्हणायचं. संकटात ११२ हा नंबर सगळ्या युरोपीय संघात चालतो.

हॉटेलचा नाश्ता ही जागा मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही. पर्स खुर्चीला अडकवून सगळे इडलीसारखं काही दिसतंय का ते बघायला उठतात. तिथे बाहेरचा माणूसही सहज येऊन बसतो. पर्स खांद्यावरच असू दे, एका हाताने बशी धरता येते.

निघायला दोन महिने आहेत म्हणता. या रविवारी आईंना एटीएममध्ये घेऊन जा आणि त्यांच्याच कार्डाने, त्यांनाच पैसे काढू द्या. तुम्ही बाहेर थांबा. चार वेळा केलं की पिन बोटांत बसतो. चोरखिसाही आत्ताच शिवून घ्या आणि घरात दोन दिवस पासपोर्टासकट वापरून बघू दे, बसता-उठता टोचतो का ते कळेल. चेन नायलॉनची घ्या. धातूच्या चेनमुळे तपासणीत खिसा हाताने चाचपावा लागू शकतो, आणि अशा वेळी त्या गोंधळतील.