सीडीके रोखणारी गोळी २१ दिवस घेऊन ७ दिवस बंद का ठेवतात?

तुमच्या आईला स्तनाच्या कर्करोगावरचं पाल्बोसायक्लिब सुरू झालंय. ती गोळी 'सीडीके-४/६' हे एन्झाइम रोखते म्हणे, मग एवढं वाईट एन्झाइम शरीरात असतंच कशाला आणि मधे आठवडाभर गोळी बंद का, असा तुमचा प्रश्न.

वाईट नाही हो ते. मी खारघरला एका लॅबमध्ये पेशी वाढवते. त्वचेच्या साध्या पेशींचं सीरम (वाढायला सांगणारा, रक्तातला द्रव) तोडलं की एक-दोन दिवसांत त्यांचं विभाजन थांबतं. परत दिलं की सायक्लिन-डी हे सीडीकेला चालू करणारं प्रथिन वाढतं, सीडीकेला जाऊन चिकटतं आणि दुसऱ्या दिवशी मायक्रोस्कोपखाली गोल, चकचकीत मणी दिसायला लागतात. विभागायला निघालेल्या पेशी त्या. (सायक्लिन पहिल्यांदा सापडलं ते सी-अर्चिनच्या अंड्यांत. शोधणारे टिम हंट २००१च्या नोबेलचे एक मानकरी.)

एरवी आरबी नावाचं प्रथिन ई२एफ या दुसऱ्या प्रथिनाला धरून बसलेलं असतं. सीडीके आरबीवर एकामागून एक फॉस्फेट चिकटवतं, पकड सुटते, आणि मोकळं झालेलं ई२एफ डीएनएची नक्कल सुरू करून देतं. हार्मोनवर पोसणाऱ्या गाठीत इस्ट्रोजेन सायक्लिन-डी वाढवतच राहतं, म्हणून ही गोळी बहुधा लेट्रोझोलसारख्या इस्ट्रोजेन कमी करणाऱ्या औषधाच्या जोडीने देतात. गाठीत आरबीच उरलं नसेल तर मात्र गोळीचा उपयोग नाही.

आता सुट्टीचं. अस्थिमज्जेत पांढऱ्या पेशी तयार होतात त्याही सीडीके-६च्याच जोरावर, आणि गोळीला आपलं-परकं कळत नाही. केमोत त्या पेशी मरतात, इथे बहुतेक नुसत्या थबकतात. गोळी थांबली की पुन्हा कामाला लागतात.

नौपाड्यातली माझी मावशी कालनिर्णयवर पेन्सिलीने फुल्या मारायची, बरोबर २१. एकदा सीबीसीत (रक्तपेशींच्या तपासणीत) न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ९०० आले आणि डॉक्टरांनी पुढची फेरी आठवडाभर लांबवली. मावशीने जेवण सोडलं, "आता औषधही चालेना मला." आठवड्याने १६०० आले, स्ट्रिप सुरू. गोळीचा हा अपेक्षित परिणाम आहे हे तिला आधीच कोणी सांगायला हवं होतं.

पण पांढऱ्या पेशी कमी असताना जंतुसंसर्ग पटकन बळावतो, म्हणून ताप १००.४च्या वर गेला तर मात्र क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहू नका. रात्री दोन वाजले असले तरी डॉक्टरांना फोन करा.